व्हाइट हाउसच्या मेंढ्या वळणारा
परवा अंगणातल्या गुलाबांना मेंढ्यांचं लेंडीखत घातलं आणि त्या वासासरशी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतलं आमचं क्वार्टर आठवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. निफाडचे एक द्राक्षबागायतदार मुलाला घेऊन मला बघायला आले होते. पोहे झाले आणि मुलीच्या हातात कला आहे हे दाखवायला आईने माझी चित्रांची वही पुढे केली. त्या वहीत मी एका पुस्तकात वाचलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या गमती काढत असे. एक जण मुळात शिंपी होता. तो सुईत दोरा ओवत बसलेला. दुसऱ्याने महायुद्धात गवत कापायला माणसं लागू नयेत म्हणून व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. व्हाइट हाउस मी आमच्या वीज केंद्राच्या गेस्ट हाउसवरून काढलं होतं. मुलाच्या वडिलांनी त्या पानावर बोट ठेवलं. “मेंढ्या हायेत, पण वळणारा कुठंय?” मी म्हणाले, “पुस्तकात त्याच्याबद्दल काही नव्हतं.” “मग काय, राष्ट्राध्यक्ष मेंढ्या वळायचा?” आईने डोळे वटारले, पण मला ते पटलं होतं. मी पेन्सिल आणली, पदर खोचून सगळ्यांसमोर मांडी घातली आणि काठी, घोंगडी, मुंडासं असा मेंढपाळ काढला. स्वयंपाक येतो का, हे विचारायचं राहूनच गेलं. पुढे पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. आईने खापर वहीवर फोडलं. वही अजून माझ्याकडे आहे. त्या मुलाचा चेहरा आज काही केल्या आठवत नाही. त्याच्या वडिलांचा मात्र त्या पानावर मेंढ्यांमागे काठी टेकून उभा आहे.