हिलारिया आत्या आणि पांढरी राख

माझी हिलारिया आत्या डोंगराला जेवू घालायची. आमच्या खोऱ्यात हे काम कुणीही उठून करत नाही. डोंगराला आम्ही म्हातारा म्हणतो. त्याचं तोंड सदा धुमसत असतं, आणि तो जास्तच गुरगुरायला लागला की सगळं गाव आत्याच्या दारात. मग ती कोकाच्या झुडपाची पानं, लामा जनावराची चरबी आणि मक्याची दारू घेऊन वरच्या दगडी चौथऱ्यावर जायची, सगळं पेटवायची आणि मागे न बघता घरी यायची. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, असा आमचा रिवाज. सकाळी जाऊन राख बघायची. पांढरी असली तर म्हातारा जेवला, काळी असली तर रुसला.

एरवी आत्या म्हणजे महा तोंडाळ बाई. लोकर कातरताना अल्पाकांशीसुद्धा भांडायची. पण डोंगराच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

त्या वर्षी अल्पाका विण्याच्या दिवसांत म्हातारा थांबायचं नावच घेईना. भांडी थरथरायची, दारं आपोआप उघडायची. आत्याने आपल्या एकुलत्या एका लेकीला, नेलिदाला, वरच्या कुरणातून खाली आणलं होतं. कळप मात्र वरच राहिला होता, आणि कोल्हे नवी पिल्लं उचलून नेत होते.

डोंगरावर यंत्रं बसवणारी एक बाई शहरातून आली आणि चौकात उभी राहून सांगायला लागली. समुद्राचा तळ आपल्या जमिनीखाली सरकतोय, त्यातलं पाणी खोल खडकात मुरतं, खडक वितळून वर येतो. या डोंगरांची सगळी रांग त्यामुळेच धुमसते.

"एवढा समुद्र पोटात गेल्यावर अपचन होणारच की म्हाताऱ्याला!" आत्या म्हणाली. लोक पोट धरून हसले.

ती बाई हसली नाही. "गडगडतोय तोवर वाफ बाहेर पडतेय," ती म्हणाली. "एकदम गप्प झाला तर घशात बूच बसलं समजा. तेव्हा वर कुणी जायचं नाही."

त्याच संध्याकाळी आत्याने जेवण चढवलं. सकाळी उठलो तर डोंगर गप्प. आत्या चौथऱ्याकडे जाऊन आली ती ओरडतच, "पांढरीशुभ्र! जेवला आणि झोपला!" बायका रडायला लागल्या. मलाही हायसं वाटलं. नेलिदाने गोफण कमरेला खोचली आणि ती कुरणाकडे निघाली.

"आत्या, अगं ती यंत्रवाली म्हणाली होती ना..."

"तिने म्हाताऱ्याला कधी एक पान तरी दिलंय का? चल, राख पुरायला ये माझ्याबरोबर. तोंडच चालव नुसतं!"

चौथऱ्यावर तिने ओंजळीत राख घेतली आणि थबकली. बोटांत चोळली. मग चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली. "चुलीतली राख अशी लागते का रे?"

नव्हती लागत. कुटलेल्या काचेसारखी टोचत होती. रात्री म्हाताऱ्याने स्वतःचीच राख वरून भुरभुरली होती. आत्याने हाताने खाली उकरलं. पानं काळीठिक्कर, चरबीचा गोळा तसाच. त्याने तोंडही लावलं नव्हतं.

"नेलिदा," एवढंच ती म्हणाली आणि वर धावत सुटली.

खरं सांगतो, मला खाली पळायचं होतं. लाजेपोटी मी तिच्या मागे गेलो.

आवाज आधी छातीत बसला, कानात नंतर आला. वर काळा खांब उभा राहिला आणि भर दिवसा अंधार पडला. आजूबाजूला धडाधड दगड आदळायला लागले. आत्याने पाठीवरचं कांबळं आमच्या दोघांच्या डोक्यावर ओढलं आणि आम्ही चढत राहिलो. श्वास घेतला की घसा सोलवटायचा. जन्मभर ज्याच्याशी ती हात जोडून बोलली, त्याला ती आता ओरडत होती, "माझी पोर सोड, मेल्या! मला घे!" दगडांपेक्षा मला त्या शब्दांचीच धास्ती जास्त वाटली.

मग कण्हण्यासारखं काहीतरी ऐकू आलं. अल्पाका घाबरल्या की तशा हुंकारतात. कड्याच्या कपारीत पाच-सहा जनावरं दाटीवाटीने उभी होती, आणि त्यांच्यामागे नेलिदा. कपाळ फुटलेलं, स्वेटरमध्ये एक पिल्लू कोंबलेलं. पण जिवंत.

आत्याने हात पसरले. नेलिदा जागची हलली नाही.

तेवढ्यात म्हातारा पुन्हा गप्प झाला. दगड थांबले.

"आता खाली उतरायचं की इथेच थांबायचं?" नेलिदाने विचारलं. "खरं सांग, आई."

आत्याने वर बघितलं. राखेशिवाय काहीच दिसत नव्हतं. सगळं खोरं जिच्या शब्दावर उठायचं-बसायचं, ती माझी आत्या बारीक आवाजात म्हणाली, "मला माहीत नाही गं."

कांबळ्याची गाठही तिला मारता येईना. नेलिदाने पुढे होऊन ती मारून दिली. मग आम्ही तिघं एकमेकांना घट्ट धरून तिथेच म्हाताऱ्याच्या आवाजाला कान लावून बसलो.