दोन गावांची एक गाडी

चर्चा या प्रकाराची मला चीड आहे. बायको म्हणते, तुम्हाला सगळ्याचीच चीड आहे. असेल. पण ज्याला काही ठाऊक नसतं तोच सगळ्यांत जास्त वेळ बोलतो, हे मी लागोपाठ आठ संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून पाहिलं आहे. तो राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव डोंगरकडा गावाच्या बाजूचं, केळीचं. ओढ्यापलीकडे दुसरं गाव आहे, माझी थोरली बहीण तिथं दिलेली. तिला आम्ही आक्का म्हणतो. दाजी गेल्यापासून बाग तीच पाहायची. दोन्ही गावांनी मिळून एक गट केला होता आणि त्याचे नियम साधे होते. दोन्हीकडचे घड एकाच दिवशी उतरवायचे, मिळून एकच गाडी भरायची, व्यापाऱ्याशी एकच भाव बोलायचा. एका गावाच्या मालानं गाडी भरत नव्हती, आणि अर्धी गाडी घेऊन दिल्लीला कोण जाईल? गाडी आधी आमच्याकडे भरायची, मग ओढा उतरून कच्च्या रस्त्यानं पलीकडे जायची आणि सगळ्यांत शेवटी आक्काच्या बांधाला लागायची. तिची बाग अगदी टोकाला होती.

मग आमच्या लोकांच्या डोक्यात शिरलं, की पलीकडच्यांचा माल बारीक आहे, त्यांच्या पायी आपला भाव मार खातो, तेव्हा गटातून बाहेर पडावं. माल बारीक होता, खोटं कशाला बोलू. पण बाहेर पडल्यावर काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सांगत मात्र प्रत्येक जण होता.

"आपला माल पाहून व्यापारी पळत येईल," माझा चुलतभाऊ रोज म्हणायचा.

"आन् गाडी न्हाई भरली तं?" मी रोज विचारायचो.

"काहून न्हाई भरनार?"

"कशानं भरंल ते सांग की."

"तू लई फाटे फोडतोस बुवा."

झालं. तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एकानं मोबाइलवर भाव वाचून दाखवायचा, दुसऱ्यानं तो कालचा आहे म्हणायचं. तिसरा गाडीवाल्याशी आपली ओळख आहे म्हणायचा. ती ओळख वारंगा फाट्यावर एकदा सोबत चहा घेतल्याची होती, हे नंतर कळलं.

सहाव्या संध्याकाळी आमचे निवृत्त गुरुजी उठले. "इंग्लंड न्हाई का त्या युरोपवाल्यांच्या गटातून बाहेर पडलं? मेलं का ते?"

"मंग फायदा झाला का त्यायचा?" मी विचारलं.

"त्याच्यावर ते अजून भांडून राहिले."

हे ऐकून कुणीतरी सावध व्हायला हवं होतं. उलट सगळ्यांना धीर आला. एवढा शिकलेला देश पुढचं काही न कळता बाहेर पडतो, तर आपल्याला कशाची भीती? त्या दिवशी उशिरापर्यंत इंग्लंडच चाललं. त्यांच्या गाड्या बंदरावर कशा अडतात, कागद किती लागतात, मासळी कोण घेतं. आमच्यातल्या एकानंही समुद्र ओलांडलेला नाही. मीही तावातावानं बोललो, नाही असं नाही.

तोवर बागेतले घड पूर्ण भरले होते. आठव्या दिवशी सकाळी माझ्या एका घडाची वरची फणी पिवळी पडलेली दिसली. झाडावर पिकलेला घड व्यापारी हातात धरत नाही. तरी संध्याकाळी पारावर तेच दळण. शेवटी कुणीतरी म्हणालं, बाहेर पडायचंय त्यांनी हात वर करा. मला सोडून दोन्ही बाजू सारख्या निघाल्या आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी हात वर केला. पटलं म्हणून नाही. वैतागलो होतो, एकदाचं संपू दे असं झालं होतं. आणि आता लपवून काय करू, माझा माल जाडजूड होता, भाव वाढेल ही गोष्ट माझ्याही मनात रुतली होती.

पुढं आमची अर्धी भरलेली गाडी व्यापाऱ्यानं फाट्याजवळच्या, पक्क्या रस्त्यावरच्या मालानं भरून घेतली. भाव आधी चढला, मग उतरला. चढला तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "पाहिलं का?" उतरला तेव्हा म्हणाला, "समद्याकडंच उतरलाय." बाहेर पडून फायदा झाला की तोटा, यावर पारावर अजून चर्चा चालू आहे. मी जात नाही.

पलीकडच्या गावात चर्चेची गरजच पडली नाही. एवढ्याशा मालासाठी गाडी ओढा उतरेना. व्यापारी म्हणाला, माल फाट्यावर आणून द्या. आक्कानं ट्रॉलीत केळीची पानं अंथरून घड नेले. कच्च्या रस्त्यानं ते एकमेकांवर घासले, काळे पडले, आणि फाट्यावर अर्धे बाजूला काढले गेले. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मग तिनं बाग मोडली.

कळलं तसा मी गेलो. ट्रॅक्टर नुकताच फिरून गेला होता आणि ती धुऱ्यावर उभी होती. पारावर वर केलेल्या माझ्या हाताबद्दल ती विचारील, हे धरूनच गेलो होतो. एका हातानं काय फरक पडतो, असं सांगायचं ठरवलं होतं. फरक पडला होता, तरीही.

"सोयाबीन पेरते आता," ती म्हणाली. हाताचं तिनं काढलंच नाही. मग म्हणाली, "आठ दिस बसले व्हते तुमी. माझ्या बागंपस्तोर गाडी कशी येईल, त्याचं कोन बोललं का रे?"

"न्हाई."

"तू बी न्हाई?"

"मी बी न्हाई."

"मंग येवढं काय बोलत व्हते?"

"इंग्लंडचं," मी म्हणालो.