पकडीने चेपलेला कनेक्टर

सत्तरच्या दशकात मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आणि माझ्याकडे हॅम रेडिओचं, म्हणजे आपल्या यंत्रावरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचं, लायसन होतं. बाईमाणसाला गाणी ऐकण्यापलीकडे रेडिओशी काय काम, असा चेहरा करणारे पुष्कळ भेटले. सांगलीचे एक इंजिनिअरसाहेब त्यातले अव्वल. लायसन त्यांच्याकडेही होतं. तेवढं ज्ञान त्यांना पुरत असे.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलींना लांबच्या माणसाशी चाललेलं बोलणं ऐकवायचं ठरलं, तेव्हा हेडमास्तरांनी मला न विचारता साहेबांना बोलावलं. गच्चीवरच्या एरियलची केबल मी आधीच प्रयोगशाळेत उतरवली होती. मधे एक तार, तिच्याभोवती प्लास्टिक, वर तांब्याची जाळी. टोकाचा कनेक्टर मी वितळलेल्या कथलाचा डाख देऊन बसवला होता. साहेब तो बघून हेडमास्तरांकडे पाहत हसले.

"बाई अजून कल्हईवाल्यासारख्या डाखत बसतात. बाहेर आता सगळं क्रिम्पिंग. जाळीवर नळी चढवायची, दाबायची, झालं."

"दाबायचं हत्यार आणलंय?" मी विचारलं.

"पकड आहे की."

ती नळी सगळीकडून सारखी आवळायला खास हत्यार लागतं, हे मी मासिकात वाचलं होतं. साहेबांनीही तेच मासिक चाळलं असावं, चित्रांपुरतं. माझा कनेक्टर त्यांनी कापून टाकला आणि वायरमनच्या पकडीने आपला चेपून बसवला. तो शेंगेसारखा चपटा झाला.

दुसऱ्या दिवशी मुली बाकांवर दाटीवाटीने बसल्या. साहेब माइकसमोर बराच वेळ बोलले. उत्तर आलं नाही, नुसती खरखर. केबलला धक्का लागला की ती वाढायची. साहेबांनी आधी साताऱ्याच्या डोंगरांना दोष दिला, मग हवेला.

आमचे प्रयोगशाळा मदतनीस सैन्याच्या सिग्नल तुकडीतून, म्हणजे बिनतारी संदेशांच्या खात्यातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी केबल हलकेच ओढली. ती कनेक्टरमधून सुटून हातात आली.

"सायेब, ह्यो दाबल्याला न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "नुसता चिमटा काढल्याला हाय."

मुली हसल्या. मी त्यांना गप्प केलं नाही.

मी मोठं सोल्डरिंग आयर्न तापवलं. लहान आयर्नने घासत बसलं की आतलं प्लास्टिक वितळतं आणि डाख वरवर राहतो. हवालदारांनी केबल धरली, मी नवा कनेक्टर डाखला. थोड्या वेळाने कोलंबोचा एक माणूस उत्तर देत होता. ते ऐकायला साहेब थांबले नाहीत; त्यांना सांगलीची एसटी गाठायची होती.

पुढे दोनेक वर्षांनी एका लग्नासाठी सांगलीला गेले, तेव्हा त्यांनी आग्रहाने चहाला नेलं. भावाने परदेशातून खरं हत्यार पाठवलं होतं. एक कनेक्टर दाबून त्यांनी माझ्या हातात दिला.

"ओढा, बाई."

मी दोन्ही हातांनी ओढला. तसूभर हलला नाही. माझ्या डाखापेक्षा सुबकही होता.

"हत्यार चांगलं आहे," मी म्हणाले.

साहेबांना ते स्वतःचं कौतुक वाटलं.