बाजू बदलून पाहू

नलिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीतल्या बाकावर बसून तिच्यासाठी संत्रं सोलत होतो. डबा भरून परत हॉस्पिटलात निघायचं होतं. तिच्याजवळ थांबलेल्या मेहुण्याचा आवाज इतका शांत होता की तो पुढे काही बोलायच्या आधीच मला कळलं. तरी मी ते संत्रं पुरतं सोललं, शिरा काढल्या, फोडी डब्यात भरल्या... तिला शिरा चालायच्या नाहीत. आता दोनेक महिने होत आले, पण घरात ती नाही हे अजून माझ्या अंगवळणी पडत नाही.

मी रेल्वेच्या ऑफिसातला माणूस, ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. दोघंही नागपूरकडचे, रायपूरने ठेवून घेतलेले. हे शहर राजधानी झालं तसा जो तो कुठल्या साहेबाशी आपली ओळख आहे ते सांगू लागला. शंकर नगरात लाल दिव्यांच्या गाड्या फिरू लागल्या, शहराबाहेर नवी राजधानी बांधायला घेतली. आमच्या बाईसाहेबांना त्याचं काही नव्हतं. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगात ती सामील होती. तिकडचे आकडे तलावाकाठच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी तिच्या कॉम्प्युटरवर यायचे. चार्म जातीचे कण, जन्मले न जन्मले तोच फुटणारे, आणि प्रत्येकाला एक प्रतिकण. दोघं अगदी सारखेच फुटतात की त्यात काही फरक आहे, एवढंच तिला बघायचं होतं.

"तेवढ्याशा फरकानं काय होते?" मी एकदा विचारलं.

"अहो, कण अन् प्रतिकण भेटले की दोघंबी संपतात. विश्वाच्या सुरुवातीले बरोबरीनं होते, तर सगळंच संपाले पाहिजे होतं. मग आपण काहून उरलो? कुठंतरी फरक असनच ना!"

तिची एक खोड मात्र साऱ्या गोल बाजाराला ठाऊक होती. तूरडाळ तोलून झाली की ती दुकानदाराला पारडी बदलायला लावायची, वजन इकडे आणि डाळ तिकडे. म्हातारा दुकानदार वैतागून म्हणायचा, "दीदी, मोर ऊपर भरोसा नइ हे का?"

"तुम पर है भैया, तराजू पर नहीं," ती हसून सांगायची. घरी येताना मला समजावायची, पारडी बदलल्यावर फरकही उलटला तर खोट तराजूत. तसाच राहिला, तर माल खरंच कमी. त्यांच्या प्रयोगातही कणांना एका बाजूला आणि प्रतिकणांना दुसऱ्या बाजूला वळवणाऱ्या चुंबकाची दिशा मधूनमधून उलटी करत, ती याचसाठी.

एका दुपारी ती कॉम्प्युटरपुढून उठून स्वयंपाकघरात धावत आली. "फरक दिसून राहिला!" मी आनंदाने जिलेबी आणायला निघालो, तर म्हणाली, "थांबा. चुंबक उलटं करून घेतलेले आकडे पाहायचे आहेत अजून." आठवडाभर ती जेवणात नव्हती की बोलण्यात नव्हती. मग एका संध्याकाळी शांतपणे सांगितलं, "उलटला. खोट यंत्रातच होती." तिकडच्या मंडळींना तिने स्वतःच कळवलं, आणि रात्री पिठलं केलं. मला फार वाईट वाटलं होतं. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका गटाला तो फरक सापडला, अगदी बारीकसा, पण खरा. त्या दिवशी जिलेबी तिनेच आणली. त्या म्हाताऱ्या दुकानदारालाही दिली. कशाची ते त्याने विचारलंच नाही.

गॅलरीतल्या बाकावरही तिचा हाच कारभार. तलावाकडची बाजू माझी, दाराकडची तिची. सगळा वारा तुम्हालाच लागतो, ही तिची तक्रार. "उठा, बाजू बदलून पाहू." आम्ही बदलायचो. थोड्या वेळाने पुन्हा तेच, वारा तुमच्याकडेच!

"आता काय म्हणतेस?"

"मग फरक बाकात नाही, तुमच्यातच आहे."

आणि खुदकन हसायची... ते हसणं ऐकायला मी आज काहीही देईन.

काल संध्याकाळी तलावावरून वारा येत होता. मी माझ्या बाजूला बसलो होतो, शेजारी रिकामं. मग उठून तिच्या बाजूला जाऊन बसलो. तरी शेजारी रिकामंच.

नलू, पाहिलं गं बाजू बदलून. खोट बाकात नाही.