बाभळीच्या पडद्यासाठी नगरला

मिरजगावच्या नाक्यावर मोटार हुबी हुती आन तिच्या मागं बांधलेल्या लोखंडी पिपातनं धूर निघत हुता, त्यो बगून मी दोन पावलं मागंच सरले. लढाईपायी पेट्रोल मिळंना म्हनून मोटारी कोळशाच्या ग्यासवर चालायच्या. माझ्या कडंवर बाळी, आठ म्हैन्याची. मालक पल्टनीत, त्येंचं पत्र येऊन दोन म्हैने झालेले, म्हनून मी म्हायेरी आल्ते. आन मी जल्मात नगर बगितलेलं न्हवतं.

आबा, म्हंजी माझे वडील, मला पोचवाय आले. आबा सुतार, आन आपल्या देवळातले (चर्चमधले) पंच, तुमा समद्यांना म्हाईत हायेत. माझा थोरला भाऊ शिमोनदादा पाच वर्सांमागं मिशनची सुतारशाळा सोडून नाटक कंपनीत पळून गेला, पडदे रंगवाय. तवापसनं आबांनी त्येचं नाव टाकलं हुतं. आता कंपनी नगरला आल्ती, आन दादानं पत्र लिवलं हुतं की आबांनी येकदा येऊन माझा पडदा बगावा, मंग नाताळाला घरात घ्यावं न्हाईतर घेऊ नये.

आबा म्हनाले, "मी सोंगं बगाय जानार न्हाई. तू जा. तुला लबाड बोलता येत न्हाई. काय बगितलं ते येऊन सांग, मंग मी ठरवीन."

"आन मला घाबरं झालं तर?"

"हू दे की. घाबरून मोटार थांबत न्हाई."

तर अशी मी निगाले. इथल्या बाया मला सारखं इचारत्यात, नगरला काय काय बगितलंस, म्हनून जसं घडलं तसं लिवून काढते. माझी शाळा चवथीपातुर, तेवढ्यात बसंल तेवढंच बसनार.

मोटार चढाला लागली की दमायची. समद्यांनी उतरायचं, पुरषांनी ढकलायचं, क्लिनरनं पिपाचं चाक गरागरा फिरवायचं, मंग ती खोकत खोकत वर जायाची. माझ्याशेजारी येक पागोटंवाले म्हातारबाबा हुते, ते तिसऱ्यांदा उतरले तवा मला म्हनाले, "पोरी, मोटार मानसाला नेती का मानूस मोटारीला, ह्ये नगर आल्यावरच कळंल." धुरानं बाळीचं तोंड काळं झालं, माझं बी झालं आसंल, पन मला कोन सांगनार. तीन तासाच्या वाटंला दुपार कलली.

माळीवाड्याच्या येशीपाशी उतरले आन हुबीच ऱ्हायले. टांगेच टांगे, घोड्यांच्या लिदीचा वास, हाटेलात रेडू (रेडिओ) बोलत हुता आन मानसं त्येच्याकडं बगत बी न्हवती. सिनेमाची पाटी घरायेवढी, तिच्यावरच्या बाईचा येक डोळा आपल्या दारायेवढा. लष्करातले गोरे सोल्जर सायकलीवर जात हुते. मला वाटलं परतीची मोटार आसली तर आसंच बसून माघारी जावं. पन आबांना जाऊन काय सांगू, पाटी बगितली म्हनू? मंग पदर खोचला आन दोन ठिकानी इचारत, येकदा चुकून कापडबाजारात शिरून, तिथनं परत फिरून, थेटर गाठलं.

दादा मागच्या दारात बसला हुता. लई वाळलेला, आन नखात निळा रंग. त्येनं पयलं माझ्या मागं बगितलं.

"आबा न्हाई आले?"

"मला धाडलंय."

"तुला काय कळतंय पडद्यातलं?"

"मला डोळे हायेत," मी म्हनलं.

त्यो हसला न्हाई. म्हनाला, "आज शेवटचा खेळ हाय. उद्या समदं गुंडाळून बेलापूरला. माझा पडदा तिसऱ्या अंकात हाय, रानाचा. तवर बस म्हंजी झालं."

कंपनीचा भटारखाना (सैपाकाची जागा) मागंच हुता. रातचा खेळ म्हनून दिवस मावळायच्या आधी जेवनं. समदी येका वळीत बसलेली, राजाचं काम करनारे बुवा कांदा बुक्कीनं फोडत हुते, आन रानीचं काम करनारी बाई आपली ताटली आपनच घासत हुती. रेशनच्या तांबड्या जवारीची भाकर, वांग्याची भाजी, आन मागनं गुळाचा च्या, साखर शहरात बी मिळत न्हवती. रानी बाळीचा गाल धरून म्हनाली, "रडवी हाय का?" मी म्हनलं, "दात येत्यात." ती म्हनाली, "मंग आज तुजं नाटक हिच्या हातात."

दिवे लागल्यावर बाजार बगितला, थेटराम्होरचा, लांब न्हाई गेले. गजरेवाले, पानाच्या गाद्या, भेळवाला कंदील लावून भेळ कालवतोय, आन मानसं नटूनथटून आशी चाल्लेली जनू घरोघरी लगीन हाय. रातचं येवढं मोठ्यानं हसत्यात तिथं, कुनाला दुसऱ्या दिशी रानात जायाचं नसल्यावानी. मला भ्या वाटत हुतं आन बरं बी वाटत हुतं, दोनी येकदम.

थेटरात बायकांची बाजू येगळी. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आन धा-बारा जन हात जोडून देवाचं गानं म्हनाय लागले, त्याला नांदी म्हनत्यात. आपल्याला सवय काय, देवळात गायन लागलं की हुबं ऱ्हायाचं. मी बाळीला घेऊन हुबी ऱ्हायले आन डोळे मिटले.

मागनं आवाज आला, "अहो बाई, बसा की खाली. आम्ही काय तुमची पाठ बघायला आलोय?"

दुसरी म्हनाली, "डोळे मिटलेत तिनं. झोपली की काय उभ्याउभ्या."

मला वाटलं नगरच्या बायका काय ह्या, देवाच्या गान्याला बसून ऱ्हात्यात. गानं सपंपातुर मी हुबीच ऱ्हायले, आमेन म्हनले आन मंगच बसले. लई हसल्या. हसू द्या म्हनलं.

पयल्या अंकात राजाचं राज्य भावानं फसवून घेतलं येवढं कळलं, आन बाळीनं भोंगा लावला. दातानं, का बत्त्यांनी, का पेटीच्या आवाजानं, काय जानं. थोपटलं, हालवलं, काय केल्या गप बसंना. दारावरचा मानूस आला, मिशाळ, हातात छडी.

"बाई, पोर घेऊन बाहेर. कंपनीचा नियम आहे."

"माझा भाऊ तुमच्या कंपनीत हाय."

"नियमाला भाऊ नसतो."

भाईर अंगनात येऊन बसले. आत टाळ्या पडत हुत्या. मला वाटलं, आता पडदा येऊन जायाचा आन मी हितं कुत्र्यांसंगं. तवर माझ्या शेजारी बसलेली नगरची मावशी पान थुकाय भाईर आली, चांगल्या काठाचं लुगडं नेसलेली. बाळीकडं बगून तिनं कंबरंची चंची (कापडी पिशवी) सोडली आन माझ्या तळहातावर काळी गोळी ठिवली, मोहरीयेवढी.

"अफू आहे. दुधातून चाटव. पाच पोरं वाढवली मी यावर, एक नाटक चुकलं नाही माझं."

गोळी हातात घिऊन मी हुबी ऱ्हायले. खरं सांगते, बोट बाळीच्या तोंडापातुर नेलं हुतं. येका घटकंत झोपली आसती. दादाचं घर आन बाळीची झोप, मधी येवढीशी गोळी. पन माझ्या चुलत ननंदंनं तान्ह्याला आशीच दिली हुती खुरपायला जाताना. त्ये ल्येकरू दुपारी उटलं न्हाई, सांजंला बी उटलं न्हाई. त्येला आंगोळ घालताना मी पानी वतलं हुतं.

"मावशी, ठिवा तुमची," मी म्हनलं. "झोपली आन उटलीच न्हाई, तर त्यो पडदा मी कोनत्या डोळ्यानं बगू?"

"मग बस इथं." ती गोळी चंचीत घालून आत गेली.

मी बसले न्हाई. दारावरच्याकडं गेले. म्हनलं, "मामा, मी आत बसत न्हाई, दारात हुबी ऱ्हाते. रडली की भाईर, गप झाली की आत."

"रात्रभर?"

"रातभर."

"दमशील."

"दमंन."

त्येनं छडी काखंत मारली आन दाराचा पडदा हातभर सरकवला. येवढंच केलं त्येनं. त्या हातभर फटीतनं मी नाटक बगितलं. दुसऱ्या अंकात किती खेपा भाईर गेले ते मोजलं न्हाई. राजा भाईर पडला तवा मी अंगनात हुते, रानी त्येच्यामागं का निगाली ते अजून मला ठावं न्हाई. येकजन हसवायचं काम करनारा हुता, त्येच्या निम्म्या गोष्टींवर मी हसले आन निम्म्यांवर बाळी रडली. श्येवटाला दाराच्या आडोशाला बाळीला पदराखाली घेतलं आन उभ्याउभ्या पाजलं. ती चपचप पीत हुती, आन घंटा झाली, आन तिसरा अंक लागला.

पडदा उतरला. रान.

मी आजवर क्यालिंडरावर रानं बगितलीत, हिरवीगार, धबधबा, मोर. ह्या पडद्यावर तसलं काय न्हवतं. ह्या कडंपसनं त्या कडंपातुर बाभळी हुत्या. काळी चिरलेली खोडं, वाकड्या फांद्या, शेळ्यांसाठी शेंडे छाटलेले, मधी पिवळी फुलं आन खाली भेगाळलेली भुई. आपलं सीनेकाठचं रान. दादानं दुसरं रान बगितलंय कुठं.

समदं थेटर गप झालं. मंग पुढनं येकजन वरडला, "महाराज, शेळ्या कुठं ठेवल्या?"

हसू फुटलं. दुसरा म्हनाला, "वनवासाला कर्जत तालुक्यात आले वाटतं." आनखी हसू. राजा गानं म्हनत हुता त्ये ऐकू येईना. बायकांच्या बाजूला ती मावशी पदर तोंडाला लावून हालत हुती. मी दारातनं बगत हुते आन मला वाटलं भुई फाटावी. दादा विंगंत (रंगमंचाच्या बाजूला) आसंल, त्येला समदं ऐकू जात आसंल. आन ह्ये मी आबांना सांगायचं हुतं.

तवर रानी आली. अनवानी. दोन पावलं टाकली आन तिसरं पाऊल टाकताच तिनं पाय झटकन वर घेतला. तोंडातनं आवाज न्हाई. येका पायावर हुबी, राजाच्या खांद्याला धरलं, तळपाय हातात घेतला, आन दोन बोटांनी काटा वडाय लागली, आरदा मोडतो आन आरदा आत ऱ्हातो तसा. रिकाम्या पायातला काटा, पन म्होरची येक म्हातारी म्हनाली, "आई गं." मंग दुसरी म्हनाली. हसू कुठं गेलं कळलं न्हाई. त्या बाभळींखाली राजा बसला, रानीचा पाय मांडीवर घेतला आन गानं परत पयल्यापसनं म्हनला. बाळी बी दूध सोडून तिकडंच बगत हुती. दारावरचा मिशाळ मानूस पाय वर करून आपला तळवा चोळत हुता, त्येला कळलं बी न्हाई.

खेळ सुटल्यावर दादा मागच्या दारात त्याच जागी बसलेला.

"ऐकलंस ना?" त्यो म्हनाला. "हसल्याचं आबाला सांगू नको."

"सांगनार."

"मंग रानीचं बी सांग."

"त्ये बी सांगनार. जे बगितलं त्ये समदं सांगनार."

"आबा काय म्हनतील?"

"मला काय म्हाईत. झोप आता."

सकाळी त्यो मला मोटारीवर घालाय आला. मोटार सुटताना बाळीच्या हातात त्येनं येक निळं बोट दिलं, तिनं त्ये घट धरलं आन क्लिनर वरडला तवा सोडवाय लागलं. माघारी येताना बी चढाला उतरलो, पन येक गंमत झाली, मला भ्या वाटलं न्हाई. वाटायला जागाच न्हवती, डोक्यात समदं रातचं फिरत हुतं.

घरी आले तर आबा पडवीत चाकाचा आरा तासत हुते. पानी बी न पिता मी समदं सांगितलं. लोक हसले त्ये सांगितलं, शेळ्यांचं सांगितलं, काट्याचं सांगितलं. अफूचं बी सांगितलं. आबांचा वाकस (तासायचं हत्यार) तासतच हुता. मी थांबले तवा त्यो थांबला.

"बाभळीचा काटा जोडीनं आसतो," आबा म्हनाले. "पांढरा, बुडाशी दोन येका ठिकानी. त्येनं जोडीनं काढलेत का येकेकटे?"

मी आठवून बगितलं. "दारातनं तेवढं दिसलं न्हाई."

"खोडाची चीर उभी हाय का आडवी?"

"उभी वाटली."

"वाटली? सुताराची लेक तू. नगरला जाऊन, रातभर हुबी ऱ्हाऊन, काटा किती त्ये बगितलं न्हाई." त्यांनी वाकस खाली ठिवला, आन कपड्यावरचा भुसा झटकला. मंग म्हनाले, "तुजं सांगनं काय कामाचं न्हाई. म्होरचा मुक्काम कुठं म्हनालीस?"

"बेलापूर."

"मोटार कवा सुटती?"

मला आता लोक इचारत्यात, शहर कसं हाय. मी त्येंना म्हनते, शहरात लई उजेड हाय, आन त्या उजेडात आपलीच बाभळ बगाय आपल्याला दारात हुबं ऱ्हावं लागतं. हुबं ऱ्हाता येतं येवढं मला तिथं कळलं. तवा आबांना मी मोटारीची येळ सांगितली, बाळीचं तोंड धुतलं, आन म्हनलं, "आबा, मी बी येते. निम्मं नाटक माझं बगायचं ऱ्हायलंय."