अंडं न खाल्लेला गोलकीपर

"येऊ दे!" असं म्हणून तो दोन पाय फाकून उभा राहायचा आणि समोरून काय येतंय याची त्याला काडीची फिकीर नसायची. हॉकीचा चेंडू येवो, साहेबाचा मेमो येवो, नाहीतर गंगेचा पूर. बनारसला राजा घाटाच्या वरच्या आमच्या गल्लीत एकदा समोरून सांड आला. गल्ली चार हात रुंद. आम्ही सगळे पटापट ओट्यांवर चढलो. हा मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "येऊ दे!" सांडाने त्याच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि मागे गेला. एवढ्याशा गल्लीत सांड वळला कसा, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगतोय, वळला नाही. उलट्या पावलांनी गेला.

तो आमच्या कारखान्याच्या हॉकी संघाचा गोलकीपर. नोकरी खेळण्यासाठीच मिळालेली, पगार खेळण्याचाच. मी त्याच कारखान्यात कारकून आणि संघाचा मॅनेजर, म्हणजे टिकटं आणि बॅगा सांभाळणारा. घरं समोरासमोर. त्याच्या घराण्यात सात पिढ्या वेद म्हणण्यात गेल्या होत्या, आणि यानेही गुरुजींपाशी बसून बारा वर्षं अध्ययन केलेलं. सकाळी संहिता, दुपारी हॉकी. "दोन्हीला फुफ्फुस लागतं," असं तो म्हणायचा. संघातली पोरं त्याला पंडित म्हणत. त्याने गोलमधून "बायें देखो!" अशी आरोळी ठोकली की गंगेपलीकडच्या रामनगरातले धोबी डावीकडे बघत, असं मी सांगतो. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. लोकांनी ती आरोळी ऐकलेली नाही.

चामड्याचे पॅड पायाला बांधतो म्हणून गल्लीतले म्हातारे कुरकुरायचे. तो म्हणायचा, "कीर्तनातल्या मृदंगाला काय केळीचं पान लावतात?" आणि गंगेत डुबकी मारून घरी जायचा.

आमच्याकडे चैत्रात वसंतपूजा असते. वैदिक मंडळी दोन रांगांत समोरासमोर बसून मंत्र म्हणतात, मग भिजवलेली डाळ आणि पन्हं. डाव्या रांगेतली पहिली जागा त्याची होती. गुरुजींनीच दिलेली. एक ती जागा आणि एक गोलमधली. जगात यांखेरीज तिसऱ्या जागेवर त्याने कधी डोळा ठेवला नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या संघाला नैरोबीचं बोलावणं आलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांचे क्लब होते, त्यांच्याशी सामने. याचं वय तेव्हा चौतीस, म्हणजे पुढचा दौरा नशिबात नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण आफ्रिकेच्या त्या भागात पिवळा ताप. त्याची लस टोचून दहा दिवस झाल्याशिवाय दाखला लागू होत नाही, आणि दाखल्याशिवाय परत आलात तर विमानतळावरूनच उचलून सहा दिवस वेगळं कोंडतात. कारखान्याने फर्मान काढलं: दाखल्याचं पिवळं पुस्तक नाही, त्याला टिकट नाही. लस बनारसला मिळेना. कलकत्त्याला मिळायची, तीही आठवड्यातून एकदा. आम्ही सोळा खेळाडू, एक कोच आणि मी असे तिथे जाऊन पोचलो तेव्हा निघायला बरोबर अकरा दिवस उरले होते.

गाडीतच कोच म्हणाले होते, "डॉक्टर पूछेगी, अंडा खाते हो? सब हाँ बोलना. जिसने ना बोला, वो गया."

आता आमच्या संघात निम्मे पंडितांचे नाहीतर पुजाऱ्यांचे चिरंजीव. रांग पुढे सरकू लागली आणि बनारसच्या सोवळ्याची अशी काही वाताहत झाली की सांगता सोय नाही. "रोज एक." "रोज दो." आमच्याच गल्लीतले दोघं, ज्यांच्या घरी कांदासुद्धा खिडकीतून आत यायचा, "उबला भी, तला भी" म्हणाले. मी तर भरात येऊन "सुबह-शाम" म्हटलं आणि दंड पुढे केला. टोचलं, पुस्तकावर शिक्का पडला.

सगळ्यात शेवटी हा.

"अंडा खाता है?" बंगाली डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं.

"नहीं."

बाईंनी मान वर केली. "कभी खाया?"

"सात पीढ़ी में किसी ने नहीं खाया."

"तब तो हम नहीं देगा. ये दवा मुर्गी के अंडे में बनता है. किसी-किसी को अंडा सहता नहीं, दम घुट जाता है. तुम कभी खाया नहीं, तो हमको कैसे मालूम, तुमको सहता है कि नहीं?"

कोच त्याच्या कानाशी लागले. "पंडित, बोल दे भैया, मज़ाक कर रहा था."

"गुरू, जो खाया नहीं, वो खाया कैसे बोलूँ?"

"बाहर मामलेट मिलता है," मी मराठीत म्हणालो. "एक घास. कुणाला कळतंय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या, तेव्हा बघू. पुढच्या आठवड्यात म्हणजे दहा दिवस भरणार नाहीत, म्हणजे नैरोबी बुडाली. त्यांनी पदर सावरला आणि दाराकडे निघाल्या. हा दारात जाऊन उभा राहिला. पाय फाकलेले, हात कमरेपासून सुटे, डोळे बाईंच्या पायांवर. बाई डावीकडे, हा डावीकडे. बाई उजवीकडे, हा उजवीकडे. अशा चार फेऱ्या झाल्या. मी सोळा म्हणणार होतो, पण चारच झाल्या.

"हटो! हम पुलिस बुलाएगा!"

"बुलाइए. मैं सच बोलकर बाहर रहूँ और ये सब झूठ बोलकर जाएँ? कोई तो तरीका होगा जाँचने का. आप डॉक्टर हैं कि चौकीदार?"

तरीका होता. लशीचा एक बारीक थेंब कातडीखाली टोचायचा आणि अर्धा तास बघायचं. गांध उठली तर नाही, न उठली तर पुढे टोचायचं. पण फोडलेली कुपी तासाभरात संपवायची असते, उरली की फेकायची. बाईंनी घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं गेलेली.

"बैठो," त्या चिडून म्हणाल्या. "मगर समझ लो. अंडे का थोड़ा-सा तुम्हारे खून में जाएगा. बाद में हमको मत बोलना कि धरम गया."

तो थांबला. पहिल्यांदाच. मी त्याला ओळखत होतो, म्हणून मला कळलं की आत्ता याच्या डोळ्यांपुढे गोलही आहे आणि चैत्रातली डावी रांगही. मग त्याने बाही वर केली.

"येऊ दे," तो म्हणाला. बाईंना मराठी येत नव्हतं, पण कळलं.

अर्धा तास तो आपल्या हाताकडे बघत बसला. आम्ही अठराही जण त्या हाताकडे बघत होतो. हो, मी सतराच म्हणायला हवं, एक तर तो स्वतः. गांध उठली नाही. कुपीची दोन-तीन मिनिटं उरली असताना बाईंनी दंडावर लस दिली, पुस्तकावर शिक्का हाणला आणि म्हणाल्या, "जाओ. गोल मत खाना." खोटं सांगत नाही, हसल्या.

नैरोबीत त्याने सात पेनल्टी स्ट्रोक अडवले. बरं, तीन. पण तिसरा असा अडवला की तिथला एक सरदारजी मैदानात धावत आला आणि त्याला उचलून नाचला. खायला पंधरा दिवस केळी आणि दहीभात.

परत आलो आणि तो आधी गुरुजींच्या पाया पडायला गेला. मीही बरोबर होतो. गुरुजी सत्तरी ओलांडलेले, नजर मंद, कान तल्लख. विचारलं, "काय रे, परदेशात खाण्याचं नीट सांभाळलंस ना?"

"सांभाळलं. पण जाण्याआधी लस टोचून घेतली, ती अंड्यात बनते. मला सांगितलं होतं, मी जाणून घेतली."

लशीचं कुणी विचारलं होतं? कुणीही नाही. मी उंबऱ्याकडे बघत राहिलो.

गुरुजींनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाले, "औषधाला शास्त्रात सूट आहे. पण तू आजारी कुठे होतास? तू खेळायला गेला होतास."

"खेळ ही माझी नोकरी आहे, गुरुजी. आणि ताप यायची वाट बघून औषध घेतलं तर ते औषध कसलं?"

"वाद नको. पंचगव्य घे, एक स्नान कर आणि बस वसंतपूजेला. दोन घटकांचं काम."

"चूक केली असती तर दोन वर्षांचं केलं असतं. मी चूक केलेली नाही."

"मग रांगेत बसता येणार नाही."

"बरं."

तो उठला. गुरुजींनी मागून विचारलं, "तुझ्याबरोबर आपल्यातलं आणखी कुणी टोचून घेतलं का?"

मला त्या वेळी अंगभर घाम फुटला. गंगा घाटावरून नाही, माझ्या सदऱ्यातून वाहत होती.

"त्यांचं त्यांना विचारा," तो म्हणाला. "मी माझं सांगितलं." आणि बाहेर पडला.

गुरुजींनी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आमच्या गल्लीतल्या त्या दोघांनीही नाही.

चैत्र आला. घाटाच्या वरच्या दालनात दोन रांगा बसल्या. डाव्या रांगेतली पहिली जागा गुरुजींनी मोकळी ठेवली होती, मी आणि गल्लीतले ते दोघं आपापल्या जागी, कपाळाला गंध लावून. मंत्र सुरू झाले आणि बाहेरून, खालच्या पायरीवरून, आणखी एक आवाज आला. तो बसला होता, धोतर नेसून, उपरणं घेऊन, गंगेकडे तोंड करून. एक शब्द मागे नाही, एक शब्द पुढे नाही.

कुणी तरी उठून म्हणालं, "त्याला थांबवा." दुसरं कुणी म्हणालं, "घाट काय आपल्या मालकीचा आहे?"

मध्ये एका ठिकाणी गुरुजींचा श्वास तुटला. ते थांबले तशी रांग अडखळली, एकेक करत सगळे गप्प झाले. बाहेरचा आवाज थांबला नाही. गुरुजी डोळे मिटून ऐकत राहिले, चार ओळी, पाच ओळी. मग त्याच्याच शब्दावर त्यांनी शब्द धरला आणि आम्ही सगळे मागून गेलो.

संपल्यावर पन्ह्याचे पेले आले. गुरुजींनी पहिला पेला उचलला आणि माझ्या हातात दिला. "त्याला बाहेर नेऊन दे."

मी पायऱ्या उतरलो. पेला पुढे धरला.

"रांगेत बसवून देणार असतील तर घेईन," तो म्हणाला. "पायरीवर नको. तूच पी." मग गंगेकडे बघतच, अगदी हळू: "दंड कसा आहे तुझा? मला आठवडाभर दुखत होता."

मी पन्हं प्यायलो. एवढं आंबट पन्हं जगात कुणी केलं नसेल.

वरून गुरुजींची हाक आली, "अरे, कुठे राहिलास? ये, डाळ घे."

"गुरुजी," मी ओरडलो, "मलाही टोचलंय. मी तर अंडं खातो असंही सांगितलं होतं. आणि मीही पंचगव्य घेणार नाही!"

मी रिकामा पेला धरून उभाच होतो. त्याने मान वळवली नाही. नुसतं उपरणं सावरलं आणि थोडं सरकून पायरीवर जागा केली.