मायच्या बाजेएवढी मोटर

गजूदादा गेल्याचा फोन पहाटे आला आणि उजाडता उजाडता त्याचे मेहकरचे जावई मला न्यायला दारात हजर झाले. गाडी आणली होती ती आजकालची, भलीमोठी, उंच. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत, आणि त्या गाडीत चढायचं म्हणजे पाय पार कुठल्या कुठे न्यायचा. जावई भला माणूस. म्हणाले, आत्याबाई, मी उचलून ठेवतो तुम्हाला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मले उचलू नका. उचलाची येळ येईन तवा चौघं उचलसानच.” एवढं बोलले आणि मला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मी आपली हसतेय... जावयांना वाटलं असेल, म्हातारीला धक्का बसला. शेवटी स्टूल आणलं, चढले, गेले, दादाला पाहिलं, सगळं झालं. आता महिना होत आला, पण ते हसू काही जात नाही. ते का आलं हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ते वाक्य मुळात आमच्या मायचं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं माहेर पिंपळगाव राजाच्या पलीकडच्या एका खेड्यात, आणि मला दिलं होतं इकडे दुसरबीडला. आपल्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईस्तोवर आईनं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझं लग्न होऊन बरीच वर्षं गेली तरी पाळणा हलेना. माय दोनदा दुसरबीडला आली, दोन्हीदा ओट्याखाली उभ्या उभ्या भेटून कोरड्या तोंडानं परत गेली. मग एकदाची माझी पोरगी झाली, बाळंतपणाला मी माहेरी होते. मायला आनंद मावेना. पोरीला पाळण्यात घालतानाच तिनं जाहीर केलं, हिला पोचवाले मी जाईन आन् लेकीच्या हातचं पोटभर जेवीन. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गोठ्यात पाय घसरून पडली. हाड जुळलं, पण पाय वीतभराच्या वर उचलेना. एसटीची पायरी तिच्यासाठी डोंगर, बैलगाडीचं तर नावच नको. चौघं जण उचलून ठेवतो म्हणाले, तर म्हातारी कडाडली आणि ते वर लिहिलेलं वाक्य बोलली. त्यानंतर कोणाची हिंमत झाली नाही.

गजूदादा तेव्हा उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, “माय वर चढू नाही शकत, त मोटर खाली येईन.” कोणती मोटर, हे आम्हाला कोणालाच कळलं नाही. खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या आवारात जुनी विलायती मोटर बेवारशी उभी होती. तिच्यात कोंबड्या खुडूक बसायच्या. ती दादानं कशी मिळवली ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. विहिरीवरचं इंजिन खोलून जोडणारा आमच्या गावातला तो पहिला, त्यामुळे ती चालू करून घरी आणणं त्याला जड गेलं नाही. पण ती होती उंच! दादानं पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची, एक काडी मोडली आणि मायच्या बाजेची उंची मापली. बाजेवर माय स्वतःच्या स्वतः बसायची आणि उठायची. म्हणजे मोटरीची बैठक त्या काडीएवढी आली की काम फत्ते. काडी मोटरीला लावली तर बैठक हातभर वर.

झालं, दादा मोटरीखाली शिरला. मोटरीच्या खाली कमानी असतात, लोखंडी पाटे एकावर एक बांधलेले. पाटे जितके जास्त तितकी गाडी उंच. दादानं एकेका कमानीचे पाटे काढायला घेतले. गंजलेले नट फिरेनात, तेव्हा गोडेतेल, घासलेट, शिव्या, सगळं वापरलं. दर पाटा निघाला की मी पोरीला कडेवर घेऊन काडी लावून बघायची आणि ओरडून सांगायची. मला बाळंतिणीला अजूनही कोणी अंगणात येऊ देत नव्हतं, पण ऐकतंय कोण! पाटे काढूनही थोडी उंची उरलीच. मग दादानं ठरवलं, चाकंच लहान बसवायची. पण दुसऱ्या गाडीची चाकं हिच्या बोल्टांत बसायला हवीत. माप न्यायचं कसं? दादानं मायचं पोळपाट उचललं, चाक काढून बोल्टांवर दाबलं, उमटलेल्या खुणांवर खिळ्यानं पाच भोकं पाडली आणि ते काखेत मारून एसटीनं अकोल्याच्या भंगारवाल्यांकडे गेला. संध्याकाळी एसटीच्या टपावरून चार बुटकी चाकं उतरली. एकेक चाक बोल्टांत अलगद बसत गेलं तसा दादाचा आवाज चढत गेला. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरच्या पोळ्यांवर पाच ठिपके उमटायचे!

दुसऱ्या दिवशी माय काठी टेकत आली, मोटरीकडे पाठ केली आणि बाजेवर बसावी तशी बसली. एकेक पाय आत ओढून घेतला. कोणी हात लावला नाही. मग दादाकडे बघून म्हणाली, “चाल.” दादानं मोटर गावाबाहेर काढली आणि गाडीवाटेला लागताच ती खाडकन थांबली. आमच्या काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या एवढ्या खोल, की चाकं चाकोरीत गेली आणि मोटरीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं. चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. अख्खं गाव मागे पळत आलेलं. कोणीतरी म्हणालं, “गजू, मोटर अंड्यावर बसली काय बे?” हसून हसून लोकांची पोटं दुखली. मला मात्र रडू कोसळलं. पाटे परत घालावेत तर मायला चढता येणार नाही, नाही घालावेत तर गाव सुटत नाही. मोटर बैलांनी मागे ओढून आणली तेव्हा माय उतरली आणि काठी टेकत घरात गेली.

दादा त्या दुपारी जेवला नाही. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून राहिला. शेजारच्या वावरात वखर चालला होता, त्याची लोखंडी पास, म्हणजे आडवं पातं, माती तासत चालली होती, आणि तो ते बघत होता... एकदम उठला, पळत घरी आला, काढून ठेवलेल्या पाट्यांतला सगळ्यात लांब पाटा खांद्यावर टाकला आणि लोहाराच्या भात्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याच पाट्याची पास झाली, वखराला लागली, आणि दादा वखरावर उभा राहून गाडीवाट तासायला लागला. मघाशी हसणारेच आपापले बैल घेऊन आले. पाळीवर पाळी घालून दोन्ही चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पार सडकेपर्यंत सपाट केला. ज्या पाट्याशिवाय मोटर खाली आली, त्याच पाट्यानं दादानं रस्ताही खाली आणला. असा माणूस होता तो!

आणि मग काय सांगू तो प्रवास! पुढे दादा आणि माय, मागे मी, मांडीवर पोरगी. खामगाव, चिखली, मेहकर मागे पडत होतं, माय वाऱ्यावर पदर उडू देत होती, दादा तिला प्रत्येक पुलाचं नाव सांगत होता आणि निम्मी नावं खोटी होती. मोटर दुसरबीडला आमच्या दारात थांबली. माय आपली आपण उतरली. आणि आम्ही सगळे गार पडलो. समोर आमचा ओटा, तीन उंच पायऱ्यांचा! मोटर खाली आणली, रस्ता तासला, पण ओट्याचं एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी तर त्याच पायऱ्या रोज चढत होते. सासूबाई म्हणाल्या, विहीणबाईंचं ताट मोटरीतच द्या. माय ओट्याकडे बघत राहिली. “दोनदा मी खालूनच गेली,” एवढंच म्हणाली.

दादानं सदऱ्याच्या बाह्या सारल्या. म्हणाला, “घडीभर बस, माय. शांते, तू सैपाकाले लाग.” सडकेच्या कडेला मुरूम पडला होता. दादा, आमचे हे आणि निम्मी आळी टोपल्या वाहायला लागली. दगड रचले, मुरूम टाकला, पाणी मारलं, सगळ्यांनी पायांनी तुडवला. माझं पुरण शिजेपर्यंत ओट्याला लागून लांबलचक उतार तयार! दादानं टाचेनं दाबून पाहिला आणि बाजूला झाला. माय काठी टेकत, थांबत, एकटी वर आली. जेवली. पहिला घास घेऊन मान हलवली आणि म्हणाली, “कटाच्या आमटीत मीठ कमी हाय.” दादा एवढ्या जोरात हसला की पोरगी दचकून उठली.

माय गेली, मोटर गेली. उतार राहिला, पुढे यांनी त्यावर सिमेंट चढवलं. दादा कधीही आला की आधी टाचेनं दाबून बघायचा, मग घरात यायचा. गेल्या दिवाळीत आला तो काठी टेकत. सावकाश वर आला, मला म्हणाला, “मायसाठी केला म्हनत व्हतो, शांते... आपल्याच कामी आला न वं.”

दादाला पोचवून परत आले त्या रात्री जावयांनी उताराशी मला हात पुढे केला. मी तो घेतला नाही. टाचेनं उतार दाबून पाहिला आणि एकटीच वर गेले.